रावसाहेबांचे प्रदर्शन उत्साहात संपन्न

गुरुवारी सकाळी रावसाहेब खिल्लारे येत्या शनिवारी संध्याकाळी पार पडलेल्या आपल्या चित्रप्रदर्शनाची बातमी लिहायला बसले. यात त्यांना काही वावगं वाटलं नाही. कोपरखैरण्यातल्या 'खाडीवारा' साप्ताहिकाची ती रीतच होती. अंक शुक्रवारी छापायला जायचा, त्यामुळे शनिवारचा कार्यक्रम ज्याचा त्यानं कागदावर आधीच उरकून द्यायचा.

"नंतर दिलंत तर पुढच्या अंकात येणार," हारुन तुंगेकर फोनवर म्हणाले. 'खाडीवारा'चे संपादक, वार्ताहर आणि जाहिरात विभाग हे तिघंही तेच होते. "आठ दिवस शिळी बातमी कोण वाचतो? तुमी लिहा बिनधास्त. अंक घरोघरी पोचेस्तोवर रविवार उजाडतो, तोवर तुमचं होऊन जातं सगळं. वीस वर्षं झाली, माझ्या पेपरात एक कार्यक्रम उत्साहाशिवाय संपन्न झालेला नाही."

रावसाहेबांनी पावणे औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्यात चौतीस वर्षं लेथ मशीनवर काढली होती. निवृत्तीनंतर त्यांनी ब्रश हातात घेतला आणि सहा वर्षांत बारा चित्रं काढली. ती कपाटामागे भिंतीकडं तोंड करून उभी होती. मुक्ताबाईंनी त्यांतलं एकही धड पाहिलं नव्हतं. "टर्पेंटाइनचा वास भाजीला लागतो," एवढीच त्यांची कलासमीक्षा होती. त्यामुळे सोसायटीचा हॉल एका संध्याकाळपुरता मिळाला, तेव्हा रावसाहेबांची अपेक्षा माफक होती. कुणीतरी समोर उभं राहून चित्रं पाहावीत. कुणीतरी म्हणजे शक्यतो घरातलंच.

लेथवर मिलिमीटरचा शतांश सांभाळणारा त्यांचा हात बातमीत मात्र सैल सुटला. प्रदर्शन 'नुकतेच' झालं. हॉल तुडुंब भरला. निवृत्त मुख्याध्यापक श्यामसुंदर सरांनी उद्घाटनाचं ओघवतं भाषण केलं. सगळी चित्रं पहिल्या तासात विकली गेली. उपस्थित मान्यवरांची नावं बावीस झाली. मग पेन जरा थांबलं आणि त्यांनी शेवटचं वाक्य लिहिलं. 'सौ. मुक्ताबाई यांनी प्रत्येक चित्र बारकाईने पाहून समाधान व्यक्त केले.'

त्याच आठवड्यात छापखान्यानं नवीन मशीन बसवलं. शनिवारी सकाळी सातला 'खाडीवारा' दारात पडला. वीस वर्षांत पहिल्यांदाच अंक वेळेवर आला होता.

बातमी पहिल्या पानावर होती. सोबत गर्दीचं छायाचित्र होतं. गर्दी गेल्या वर्षीच्या नेत्रतपासणी शिबिराची असल्यामुळे पहिल्या रांगेतले रसिक एका डोळ्यावर हात ठेवून चित्रकलेचा आस्वाद घेत होते.

साडेसातला तिसऱ्या मजल्यावरच्या शर्मिलाचा फोन आला. "काका, अभिनंदन. सॉरी हं, माझं यायचं राहूनच गेलं. तरी तुम्ही नाव टाकलंत माझं. मम्मीला गावी बातमीचा फोटो पाठवला लगेच."

"अगं, प्रदर्शन आज आहे. पाच वाजता."

"आज परत आहे? मग मी नाही आले तरी चालेल ना? एकदा येऊन गेलेच आहे."

श्यामसुंदर सरांचा सूर वेगळा होता. "रावसाहेब, भाषणाबद्दल वाचलं. छान बोललो मी."

"सर, ते आज बोलायचंय."

"त्याहून चांगलं मला जमायचं नाही हो. शिवाय गुडघा दुखतोय. असू दे तसंच."

कारखान्यातले दोन जुने सोबती चित्र विकत घेणार होते. सगळी खपल्याचं वाचून ते पनवेलला लग्नाला निघून गेले.

रावसाहेबांनी हारुनभाईंना फोन लावला. "अंक वेळेवर कसा आला?"

"चूक झाली," हारुनभाई पडेल आवाजात म्हणाले. "पुढच्या वेळी काळजी घेतो."

"खुलासा छापा आता."

"छापतो ना. पुढच्या शनिवारी, पहिल्या पानावर. 'असे प्रदर्शन झालेले नाही.' बरोबर?"

रावसाहेबांनी फोन ठेवला. समोर मुक्ताबाई चष्मा लावून पेपर वाचत होत्या.

"मी बारकाईनं पाह्यली म्हनं."

"हं."

"समाधान बी व्यक्त केलं."

"तशी रीत असते लिहायची."

"कवा पाह्यली मी?"

मुक्ताबाईंनी पेपराची नीट घडी घातली आणि त्या भाजी चिरायला आत गेल्या.

पाच वाजता हॉलमध्ये बारा चित्रं, साठ खुर्च्या आणि रावसाहेब होते. साडेपाचलाही तेवढेच होते. पावणेसहाला ते पहिलं चित्र उतरवायला उठले, तेवढ्यात दारात देवजी म्हात्रे उभे राहिले. ते घणसोली गावातले कोळी. दर रविवारी रावसाहेबांच्या घरी मासळी त्यांचीच यायची. त्यांच्या मुठीत पेपराची गुंडाळी होती.

"बावीस नावं हायत यात. माझं कुठं हाय?"

"देवजीदादा, ऐका तर—"

"वीस वर्सं मासली देतो तुला. एकदा तरी शिली दिली?"

त्यांच्या मागे हास्यक्लबचे चौघे होते आणि त्यांच्यापैकी कुणीही हसत नव्हतं. त्यांच्या मागे भिशीतल्या पाच जणी होत्या. ज्यांची नावं छापून आली होती, त्यांना यायचं कारण उरलं नव्हतं. ज्यांची आली नव्हती, ते जाब विचारायला येत होते. आणि बावीस जण सोडले, तर सगळं कोपरखैरणे दुसऱ्या प्रकारात मोडत होतं.

साडेसहापर्यंत हॉल तुडुंब भरला. भांडणाला एका वेळी एकच रावसाहेब उपलब्ध असल्यामुळे बाकीच्यांना आपला नंबर येईपर्यंत भिंतीकडं बघण्यावाचून गत्यंतर नव्हतं. देवजी एका चित्रापुढं थबकले.

"ही होडी माझी हाय."

"हो."

"हिची डावी फली मोडलेली." त्यांनी वाकून पाहिलं. "काढलीस की बरोबर." पेपराची गुंडाळी हळूच खिशात गेली.

तेवढ्यात मुक्ताबाई आल्या. अंगावर ठेवणीतली साडी, डोळ्यांवर चष्मा. रावसाहेब लगबगीनं पुढं झाले. "तू कशाला आलीस एवढ्या गर्दीत?"

"छापून आलंय. माझ्या नावावर खोटं नको."

त्यांनी दारापासून सुरुवात केली. प्रत्येक चित्रापुढं त्या भाजी निवडावी तशा उभ्या राहत. अकरा चित्रं अशीच झाली. रावसाहेब मागे मागे चालत होते. बारावं चित्र डब्याचं होतं. लेथशेजारी ठेवलेला तीन कप्प्यांचा स्टीलचा डबा, पोचा पडलेला.

मुक्ताबाई तिथं बराच वेळ थांबल्या.

"पोचा मागच्या अंगाला होता," त्या म्हणाल्या.

"पुढं होता."

"चौतीस वर्सं घासला कुनी? तुमी का मी?"

रावसाहेब वाकून पोचा बघू लागले.

"ते तेवढं नीट करा," त्या पदर सारखा करत म्हणाल्या. "मग समाधान व्यक्त करते."

पुढच्या शनिवारी, अगदी वेळेवर, पहिल्या पानावर ठळक चौकटीत खुलासा आला. असे कोणतेही प्रदर्शन झालेले नाही, वाचकांची दिशाभूल झाल्याबद्दल दिलगीर आहोत. रावसाहेबांना तो वाचायला सवड नव्हती. ते स्वयंपाकघरात ओट्याशेजारी बसून चित्रातल्या डब्याचा पोचा मागच्या अंगाला घेत होते. गॅसवर वांग्याची भाजी होती. मुक्ताबाई हातात उलथनं घेऊन त्यांच्या खांद्यावरून बघत म्हणत होत्या, "आजून जरा खाली."