दांडे, तारली आणि चाळीसावा शुक्रवार

लोखंड कसं सांभाळावं, हे केरळातल्या इडुक्कीच्या आमच्या डोंगरात माझ्याइतकं कुणाला कळत नाही. हे मी ठामपणे सांगायचो. म्हणजे या मार्चपर्यंत सांगायचो!

गेल्या वर्षीच्या उपासातली गोष्ट आधी सांगायला हवी. ईस्टरच्या आधी आम्ही पन्नास दिवस मासे-मटण सोडतो आणि त्यातल्या चाळीसाव्या दिवशी, म्हणजे आमच्या भाषेत ‘चाळीसाव्या शुक्रवारी’, सगळा गाव लाकडी क्रूस खांद्यावर घेऊन, वाटेतल्या चौदा थांब्यांवर प्रार्थना करत, कुरिशुमला हा क्रूसाचा डोंगर चढतो. ज्यांचे गुडघे चढत नाहीत, ते माझ्या जीपमधून चढतात. गेल्या वर्षी नवव्या थांब्याच्या वळणावर एका दगडावर जीप बसली. उजव्या दाराखालचा पत्रा पापडासारखा मुडपला, दार उघडेना, आणि माझ्या सासूबाईंना, म्हणजे अम्मच्चींना, मागच्या ताडपत्रीतून बाहेर काढावं लागलं. चौघांनी. पाय आधी.

त्या संध्याकाळी माझी बायको एल्सी शांतपणे म्हणाली, "अजून एक संधी. पुढच्या चाळीसाव्या शुक्रवारी या डब्यानं पुन्हा शोभा केली, तर मी ती विकणार."

"डबा म्हणू नकोस!"

"बरं. हा डबा विकणार."

जीप वाचवायची होती. म्हणून फेब्रुवारीत मी वर्की आशानच्या वेल्डिंगच्या शेडमध्ये गेलो आणि रॉक स्लायडर बसवायला सांगितले. हे म्हणजे दोन्ही बाजूंना, दारांच्या खाली, थेट चेसिसला जोडलेले जाडजूड लोखंडी नळीचे दांडे. दगडावर गाडी टेकली तर दांडा घासतो, पत्रा वाचतो. आशाननं तीन दिवसांत ते असे जोडले, की जॅक दांड्याखाली लावून अख्खी जीप उचलून दाखवली.

"बाहेरून रेड ऑक्साइड मारतो," आशान म्हणाला. "पण वेल्डिंगनं आतून नळी भाजलीय. तिथे ब्रश जात नाही. पावसाळ्यात आतूनच गंजेल. इंजिनाचं जळकं तेल ओतू का?"

"जळकं तेल?" मी हसलो. "आशान, कुट्टनाडच्या होड्या चाळीस-चाळीस वर्षं पाण्यात कशा टिकतात?"

"कशा?"

"तारलीच्या तेलानं!"

आशाननं टॉर्च खाली ठेवला. "चाक्कोच्चा, होडी लाकडाची असते."

"तिचे खिळे?"

त्यानं मान हलवून टॉर्च पुन्हा उचलला. एल्सीचा चुलतभाऊ औसेप्प कुट्टनाडला होड्या बांधतो. त्यानं बसमधून चार लिटरचा डबा पाठवला. वासाचं विचारलं तर फोनवर म्हणाला, "दोन दिवसांत जातो. आम्हाला तर येतच नाही." तो माणूस पन्नास वर्षं त्या तेलात राहतोय, हे माझ्या लक्षात यायला हवं होतं.

पद्धत अशी, की नळीत तेल ओतायचं, घोळवायचं आणि खालच्या भोकातून सगळं काढून टाकायचं. पण इतकं चांगलं तेल काढून टाकायचं? मी भोकांना चिंध्यांची बुचं मारली. दर दांड्यात दोन लिटर. मुरू दे!

दुसऱ्या दिवशी सकाळी सहा वाजता जीपखाली अकरा मांजरं होती. आमच्या घरी एकही मांजर नाही. दोन तर पलीकडच्या वेलदोड्याच्या मळ्यातून आली होती, त्यांच्या शेपट्यांना तिथला चुना लागला होता.

संध्याकाळच्या प्रार्थनेत अम्मच्ची माझ्या शेजारी बसल्या. तिसऱ्या ओळीला त्यांचं नाक हललं. पाचव्या ओळीला त्या थांबल्या.

"चाक्कोच्चा, दुपारी कुठे जेवलास?"

"घरीच, अम्मच्ची. फणसाची भाजी."

"हात दाखव."

मी हात दाखवला. त्यांनी हुंगला आणि डोळे मिटले. त्या चेहऱ्यावर राग किती आणि दुसरं काय किती, हे मला तेव्हा कळलं नाही.

"तेल आहे हो, अम्मच्ची. जीपचं!"

"उपासात ताडीच्या दुकानात बसून तळलेली तारली खातो," त्या एल्सीला म्हणाल्या, "वर आळ जीपवर घालतो! ती बिचारी बोलू शकत नाही म्हणून."

मी तीन प्रकारच्या साबणांनी हात धुतले. आता साबणांनाही वास येऊ लागला. एल्सीनं माझी उशी व्हरांड्यात ठेवली. तिथे मांजरं होती. निदान त्यांचा माझ्यावर विश्वास होता.

चाळीसावा शुक्रवार उजाडला. पुढच्या सीटवर मत्तायी अच्चन, आमच्या चर्चचे पाद्री, वय अठ्ठ्याहत्तर. मागे अम्मच्ची, एल्सी आणि गाणाऱ्या तीन म्हाताऱ्या. जीपच्या पुढेमागे मिळून तीनशे माणसं, सकाळपासून उपाशी. चाळीस दिवसांत त्यांनी माशाचं शेपूटही पाहिलेलं नव्हतं.

पाचव्या थांब्यापर्यंत सगळं ठीक होतं. मग चढ लागला. आता नीट ऐका. माझ्या जीपच्या सायलेन्सरची नळी उजव्या दांड्याच्या मागच्या टोकाखालून बाहेर निघते. चढावर जीप कलली, तेल मागे धावलं, धक्क्यांनी चिंधी निसटली, आणि तापून लाल झालेल्या नळीवर थेंब पडला.

चुर्रर्र!

मागून गाण्याची एक ओळ अर्धी राहिली.

"कोण तळतंय रे?" गर्दीतून आवाज आला.

"उपासात? लाज नाही?"

"तारली आहे!"

"तारली कसली, बांगडा!"

"अरे, मी तीस वर्षं मासळीबाजारात बसलोय. तारलीच! कढीपत्ता तेवढा कमी पडलाय."

सातव्या थांब्याला प्रार्थना सुरू झाली, पण तीनशे डोकी क्रुसाकडे न बघता वाऱ्याच्या दिशेला वळली होती. आठव्याला कुत्री सामील झाली. "चाक्कोच्चन," अच्चन पुढे बघतच म्हणाले, "डबा कुठे आहे?"

"कसला डबा, अच्चो?"

"ज्याचा वास येतोय तो."

एल्सी मागून म्हणाली, "विकली." एवढंच! जीप विकली गेली होती, फक्त गिऱ्हाईक यायचं होतं.

नेमकं तेव्हाच नववं वळण आलं. तोच दगड! मी पहिला गिअर टाकला. जीप कलली, उजवा दांडा दगडावर टेकला, कर्रर्र करत घसरला, आणि आम्ही पार! पत्र्याला ओरखडा नाही! दारं घट्ट! वर्षभर ज्या क्षणाची वाट पाहिली तो हाच. मी विजयानं मागे वळून पाहिलं.

मागे बसलेल्या सगळ्यांनी नाकाला पदर लावले होते. दगड कुणी पाहिलाच नव्हता.

"थांब," अच्चन म्हणाले. "झडती."

झडती झाली. सीटखाली एकच डबा निघाला. त्यात उकडलेला कप्पा, म्हणजे साबुदाण्याचा कंद, आणि मिरचीची चटणी. बाजारवाल्यानं चटणीही हुंगली. "ही नाही," त्यानं निकाल दिला. शेवटी मी रस्त्यावर आडवा झालो, दांड्याखाली बोट घातलं आणि तेलानं माखलेलं बोट अच्चनांसमोर धरलं.

"गंज लागू नये म्हणून, अच्चो. औसेप्पनं पाठवलं. खाल्लं काहीच नाही. शपथ!"

अच्चनांनी बोट हुंगलं. पुन्हा हुंगलं. तिसऱ्यांदा जरा सावकाश. "कुट्टनाडची आहे," ते म्हणाले. त्यांचं बालपण तिथलंच. माझ्या जीपचं आयुष्य त्या बोटावर लटकलेलं!

तेवढ्यात मागून अम्मच्चींनी विचारलं, "अच्चो, एक शंका आहे. नुसत्या वासानं उपास मोडतो का?"

अच्चनांनी आकाशाकडे पाहिलं. "तोंडाचा उपास सांगितलाय," ते म्हणाले. "नाकाबद्दल काही लिहिलेलं माझ्या वाचनात नाही."

पुढच्या पाच मिनिटांत काय झालं ते मी मोजून सांगतो. जीपच्या पुढे दीडशे माणसं चालत होती. दहाव्या थांब्याला पुढे बारा उरली, बाकी सगळी जीपच्या मागे, उजव्या बाजूला. "सावकाश घ्या हो, चाक्कोच्चन चेट्टा, काही घाई नाही!" अशा सूचना येत होत्या. एवढ्या भक्तिभावानं कुरिशुमला चढलेला गाव मी आजवर पाहिला नव्हता. उतरताना जीपमध्ये बसायला गुडघे दुखणाऱ्यांची संख्या पाचवरून एकोणीसवर गेली.

पुढचे आठ दिवस अम्मच्ची रोज संध्याकाळी म्हणायच्या, "जरा चर्चपर्यंत सोड. चढावरून ने." एल्सीनं विकण्याचा विषय काढला की त्या जपमाळ जोरात फिरवायच्या.

ईस्टर आला. ताटात मटण, तळलेली खरीखुरी तारली, सगळं. जेवून अम्मच्चींनी हात पुसले आणि निकाल दिला.

"जीप राहू दे, एल्सी. गुणाची आहे."

मी छाती फुगवली.

"फक्त बाजूचे ते दोन दांडे काढून टाक, चाक्कोच्चा. चढताना नेसलेलं मुंडू अडकतं. नाहीतरी त्यांचा उपयोग काय?"

"त्यापेक्षा एक पायरी बसवा," एल्सी म्हणाली. "सगळ्यांच्या सोयीची."

दुसऱ्या दिवशी मी दोन्ही दांड्यांवर काळ्या रबराची पट्टी चिकटवली. बाकी काही केलं नाही. अम्मच्ची आल्या, दांड्यावर पाय ठेवून ऐटीत चढल्या, आणि सीटवर टेकता टेकता म्हणाल्या,

"बघ! एवढी सोपी गोष्ट. तीन दिवस त्या आशानकडे काय करत होतास?"