म्हादूमामांची मूठ

लग्न होऊन आठ दिवस झाले नव्हते, तेव्हा म्हादूमामांनी भरल्या दुकानात मला विचारलं, "पोरी, मालक घोरतोय काय गं रातीला? त्याचा बा लई घोरतोय!" मी मुरगूडची, तिकडच्या मोठ्या आवाजाची मला सवय होती. तरी त्या दिवशी पदर तोंडात कोंबून घरी आले.

कसबा बावड्यात म्हादूमामांचा चटणी कांडायचा डंक, म्हणजे कांडपाची गिरणी, आहे. उन्हाळा लागला की वाळवलेल्या मिरच्या, भाजलेला मसाला, लसूण-खोबरं घेऊन अख्खी गल्ली तिथं नंबर लावते आणि वर्षाची चटणी एकदम कांडून नेते. गिऱ्हाईकानं डबा ठेवावा आणि चटणी घेऊन गुमान जावं, हे मामांना मान्य नाही. आधी डबा उघडणार, वास घेणार, मग उलटतपासणी. "खोबरं एवढंच? दिराशी वाटणी झाली काय?" एकीला म्हणाले, "एवढी लवंगी? तुझ्या मालकाला बीपी हाय न्हवं? न्हाय कांडणार जा. निम्मी काढ, ब्याडगी घालून आण." ती तणतणत गेली आणि खरंच ब्याडगी घालून आली. "मामा, तुम्हाला काय करायचंय?" असं कुणी विचारलंच, तर उत्तर ठरलेलं, "आपलंच हाय की!"

या 'आपलंच हाय की'चा कळस म्हणजे मूठ. कांडून झालं की प्रत्येकीच्या डब्यातली मूठभर चटणी उचलायची आणि फळीवरच्या बरणीत टाकायची. विचारणं नाही, लाजणं नाही. बायका मनात चरफडायच्या, पण तोंडावर बोलायच्या त्या फक्त आमच्या आत्ती, म्हणजे माझ्या सासूबाई.

"भावजी, ठेवा ती मूठ खाली! उन्हात बसून मिरच्या मी निवडल्यात."

"आपलंच हाय की वैनी."

"आपलं असतं तर देठं खुडायला आला असता!"

डंकाच्या धडधडीवर आवाज चढवून हे भांडण रंगायचं. शेवटी मूठ बरणीत जायची आणि आत्ती फणकाऱ्यानं निघायच्या. स्कूटीवर माझ्या मागं बसून म्हणायच्या, "चोरटा हाय मेला!" आरशात बघावं तर चेहरा असा खुललेला, की मला हसू दाबावं लागायचं.

गेल्या हिवाळ्यात मामंजी, माझे सासरे, वारले आणि आत्ती मुक्याच झाल्या. खिडकीशी बसून राहायच्या. काही विचारलं तर 'व्हय' नाहीतर 'न्हाय'. ताटातली भाकरी तशीच. डॉक्टर झाले, लेकी येऊन राहून गेल्या, कशाचा उपयोग नाही. बाई डोळ्यांदेखत वाळत चालल्या होत्या आणि आता याही जातात की काय, या भीतीनं मला झोप लागत नव्हती. उन्हाळ्यात मिरच्या आणून पुढ्यात ठेवल्या, तर म्हणाल्या, "कुणासाठी?"

मग मीच निवडल्या, मसाला भाजला आणि डबा घेऊन एकटीच डंकावर गेले.

"वैनी कुठं हायत?" मामांनी विचारलं. मी सांगायला गेले आणि सगळ्या बायकांसमोर मला रडूच फुटलं.

मामांनी डंक बंद केला. ऐन सीझनमध्ये! "बसा गं, आलोच," म्हणाले, फळीच्या कोपऱ्यातली एक लहान बरणी उचलली आणि माझ्या स्कूटीवर मागं येऊन बसले. "चल."

घरात शिरले ते थेट स्वयंपाकघरात. टोपल्यातल्या भाकरी स्वतःच घेतल्या, आत्तींच्या समोर मांडी घातली, बरणी उघडली आणि खायला लागले. मी बघतच राहिले. अगं बाई, दुखवट्याच्या घरात असं कुणी करतं का!

"तुमच्या गेल्या सालची मूठ हाय वैनी," घास चावत म्हणाले. "येगळी ठेवलीती. भांडून मिळाल्याली न्हवं! पन खरं सांगू काय? खारट झालती."

आत्तींची मान वळली. "काय झालती?"

"खारट."

"माझी चटणी खारट? उभा जल्म गेला माझा चटणी करण्यात! आणा इकडं!" बरणी हिसकावून घेतली, चिमूट तोंडात टाकली. ठसका लागला, म्हणून भाकरीचा घास घेतला. मग दुसरा. "कुठं हाय खारट? जीभ झडलीया तुमची, भावजी!" खात होत्या, शिव्या देत होत्या आणि मध्येच घळाघळा रडायला लागल्या. मामा मान खाली घालून आपले जेवत राहिले. आत्तींनी अर्धी भाकरी संपवली.

दारात मी मामांच्या पाया पडले. "मामा, खरंच खारट होती?"

"खुळी का काय! वैनींच्या हातची खारट हुईल व्हय?" मग चपला शोधत म्हणाले, "माझी मालकीण गेली, त्या साली घरात चटणीच न्हवती. तवा डब्यातनं मूठ उचलाय लागलो. बाकीच्या 'बिचारा' म्हणून गप बसल्या. एकटी तुझी आत्ती भांडली. लई दिसांनी भूक लागली बघ त्या दिवशी."

आत जाते तो आत्ती पदर खोचून उभ्या. "मिरच्यांचा डबा कुठाय? डंकावर टाकून आलीस? त्या चोरट्याकडं? चल आधी!"

मामा आमच्या आधी पोचले नव्हतेच. वाटेत गाठले आणि स्कूटीवर तिघं गेलो. चटणी कांडून झाली. मामांनी डब्यात हात घातला, मूठ भरली आणि थांबले. आत्ती गप्प. मामांचा चेहरा पडला.

"वैनी, भांडा की ओ!"

"भांडते की!" आत्ती म्हणाल्या. "एवढीशी मूठ घेताय व्हय? साल कसं निघंल तुमचं? घ्या आणखी!"

मामांनी दुसरी मूठ घेतली, आणि 'आपलंच हाय की' म्हणायचं विसरले.