उर्सुलाबाईंचं वार्तांकन

आमच्या शेजारच्या उर्सुलाबाई कचऱ्याचा डबा बाहेर ठेवणाऱ्या माणसाचंही सामन्यासारखं वर्णन करतात. आयर्लंडमधल्या ल्यूकनला नवीन राहायला आलो तेव्हा मी डबा ओढत निघालो, तर कमरेएवढ्या भिंतीपलीकडून आवाज आला, "सुरुवात चांगली, पण वळणावर तोल गेला. दबावाखाली खेळायची सवय दिसत नाही!"

बाई मूळच्या जर्मन. तरुणपणी तिकडच्या बुद्धिबळ विजेत्या, नंतर आयुष्यभर क्रीडापत्रकार. लग्न करून आयर्लंडला आल्या आणि इथल्याच झाल्या, म्हणजे काहीही विचारलं की इथल्यासारखं 'ग्रँड', म्हणजे 'मस्त', म्हणू लागल्या. फक्त चेहरा इतका कडक, की विचारणाराच घाबरायचा. "मत नको, चाल सांगा," हे त्यांचं आवडतं वाक्य. "आज पाऊस येईलसं वाटतंय," म्हटलं तरी तेच. "मत नको. कपडे आत घेणार की नाही?"

२०२० मध्ये जगभरचे सामने बंद पडले आणि बाईंच्या तावडीत आमची गल्ली सापडली. पोस्टमन, मांजरं, माझं गवत कापणं, काही म्हणता काही सुटलं नाही.

कोल्हापूरहून आलेली माझी आई तेव्हा विमानं बंद झाल्यामुळे आमच्याकडेच अडकली होती. एके दिवशी तिनं बाईंना भिंतीवर पट मांडताना पाहिलं आणि सरळ समोर जाऊन उभी राहिली. पहिल्याच चालीला भांडण. बाईंचं प्यादं दोन घरं गेलं.

"त्यास्नी सांग, आमच्यात प्यादं एकच घर जातंय."

"आईला सांग, नियम सगळ्या जगाला सारखा."

दुभाष्या मी. शेवटी दोघी आपापल्या नियमानं खेळल्या. आई रोज हरायची. बाई मारलेलं प्रत्येक मोहरं सॅनिटायझरनं पुसून ठेवायच्या आणि पराभवाची कारणं सविस्तर सांगायच्या. आई म्हणायची, "काय बोलत्यात कळत न्हाई, पर बोलत्यात झ्याक."

त्या उन्हाळ्यात आईचा थोरला भाऊ, आमचा तात्यामामा, गावी वारला. आईला जाता आलं नाही. जे काही पाहिलं ते फोनवर. ती रडली नाही, अंगणातही गेली नाही. बाईंना मी भिंतीवरून कळवलं.

मग एका सकाळी उर्सुलाबाई मास्क लावून दारात. "मामा काय करायचे?"

"कुस्ती. पंचक्रोशीत नाव होतं. पेपरात मात्र कधी आलं नाही."

"खुर्च्या बाहेर टाक. आईला बोलाव."

बाईंनी एकेक प्रश्न विचारला. आवडता डाव कुठला? मैदानात उतरताना कोणाकडे बघायचे? आई एका शब्दात उत्तरं देत होती.

"हरल्यावर घरी येऊन काय करायचे?"

आई म्हणाली, "न्हाणीत बसून डोस्क्यावर पाणी वतून घ्यायचा. रडल्यालं दिसू ने म्हणून." आणि तिला हुंदका फुटला. बाईंनी पेन खाली ठेवलं. तिचं रडून होईपर्यंत पुढचा प्रश्न विचारला नाही.

दुसऱ्या दिवशी भिंतीपाशी उभ्या राहून त्यांनी लेख वाचून दाखवला. जर्मनमध्ये. आई डोक्यावर पदर घेऊन ऐकत होती. भावाचं नाव आलं की मान हलवत होती.

"कुठे छापून येणार?" मी विचारलं.

"माझं आता कोण छापतं? पण खेळाडू गेला की त्याच्यावर लिहायचं असतं." कागदाची घडी घालत त्या म्हणाल्या, "शेमस गेला तेव्हाही लिहिलं होतं. ऐकायला कोणी नव्हतं."

शेमस त्यांचा नवरा. आम्ही इथे येण्याआधीच गेलेला. मी आईला मराठीत सांगितलं.

"मग जावा म्हणावं, त्यो लेख घिऊन या," आई म्हणाली. "आमी हाय की हितं."

बाई तो शोधायला घरात गेल्या. मी आईसाठी खुर्ची आणायला वळलो.