केळ्याचा वास आणि होणारे व्याही

त्या दिवशी अंगाला कसलाही वास येऊ द्यायचा नाही, असं नाकसाहेबांनी पक्कं ठरवलं होतं. आणि त्यांनी ठरवलं म्हणजे ठरवलं, मग ब्रह्मदेव का समोर येईना!

गोळ्या-बिस्किटांसाठी फळांचे वास बनवणाऱ्या कारखान्यात ते मिश्रणं हुंगून पास-नापास करायचे, म्हणून हे नाव. पण ते वास त्यांच्याबरोबर घरीही यायचे. आज अननस, उद्या सफरचंद. बायकोला सवय झाली होती, लेकीला मात्र शाळेपासून याची भारी लाज वाटायची. आता तिचं लग्न ठरायच्या बेतात होतं. मुलाच्या आईवडिलांनी घरी बोलावलं होतं, पहिलीच भेट. लेकीने एकच मागणं मागितलं होतं, "बाबा, एक दिवस माणसासारखे या. फळासारखे नको."

नेमका त्याच सकाळी कारखान्यातून फोन. केळ्याचा वास देणाऱ्या एस्टर नावाच्या रसायनाचा डबा गळत होता. आता या द्रवाला केळं कधी शिवलेलंही नसतं, पण वास असा की अख्खी बाग ओशाळावी. बायको म्हणाली, जाऊ नका. नाकसाहेब गेले. झाकण घट्ट बसवताना डबा कलंडला आणि पँट गुडघ्यापर्यंत भिजली.

दुसरा कुणी हातपाय गाळून बसला असता. यांनी कारखान्यातच साबण फासून आंघोळ केली, पँट धुतली, पंख्याखाली वाळवली आणि खात्री करायला चार माणसं बोलावली. स्टोअरकीपरने हुंगलं, पॅकिंगच्या बाईंनी हुंगलं, वॉचमन तर वाकून वाकून हुंगत होता. सगळ्यांनी एकमताने निर्वाळा दिला की वासाचा लवलेश नाही. या मंडळींची नाकं वर्षानुवर्षं त्याच वासात मुरलेली आहेत, हे तिथे कुणाच्याच डोक्यात आलं नाही.

नाकसाहेब छाती काढून परस्पर मुलाच्या घरी पोचले. बायको आणि लेक आधीच येऊन थांबल्या होत्या. दारातच लेकीचा चेहरा उतरला.

"बाबा, केळं!" ती दबक्या आवाजात म्हणाली.

"अगं, चार जणांनी हुंगून पास केलंय."

"कुठल्या चार जणांनी?" बायकोने कपाळाला हात लावला.

उत्तर द्यायच्या आत होणाऱ्या व्याह्यांनी त्यांचा दंड धरून मागच्या बागेत नेलं. व्याह्यांना मधमाश्यांचं वेड. झाडाखाली पेट्या मांडलेल्या, एकेकीवर त्यांचा पोटच्या पोरासारखा जीव. विहीणबाई मात्र त्या पेट्यांपायी बागेत पाऊल टाकत नसत. व्याही कौतुकाने सांगत होते, मध्येच थांबले आणि नाक वर करून म्हणाले, "तुम्ही केळं खाल्लंत का?"

"छे, छे! आज मी अगदी बिनवासाचा आहे."

पेटीतून घरघर सुरू झाली. माशी डंख मारताना अगदी असाच वास सोडते आणि तो आला की बाकीच्या चवताळून उठतात, हे व्याह्यांनी त्यांना समजावलं खरं, पण पळता पळता.

दोघं न्हाणीघरात घुसले आणि कडी लावली. आत आलेल्या माश्यांनी पाहुणा आणि मालक असा भेद केला नाही. बऱ्याच वेळाने बाहेर आले तेव्हा व्याह्यांचा एक डोळा मिटला होता आणि नाकसाहेबांचं नाक टोमॅटोएवढं झालं होतं. लेक रडायच्या बेतात होती. संपलं सगळं, असं ती धरूनच चालली होती.

विहीणबाईंनी नवऱ्याला नीट न्याहाळलं. मग त्या लेकीजवळ आल्या आणि तिचा हात हातात घेऊन म्हणाल्या, "हे लग्न होणार. इतकी वर्षं मी सांगून थकले, आज तुझ्या बाबांनी करून दाखवलं. पेट्या उद्याच्या उद्या गावाबाहेर जातील."

व्याह्यांनी एका डोळ्याने पेट्यांकडे पाहिलं आणि होकारार्थी मान डोलावली.

लेक हसली, मग रडली. नाकसाहेबांना भरून आलं. त्यांनी सुजलेल्या नाकाने बाही जोरात हुंगली आणि विजयी मुद्रेने बायकोला म्हणाले, "बघ, आता तर अजिबात येत नाही."