सासऱ्यांनी सपाट केलेला समुद्र

प्रदर्शनवाल्या बाईंना आणायला चित्रकार जावई बसथांब्यावर गेला, आणि लेकीकडे राहायला आलेले सासरे त्याच्या समुद्राच्या चित्रासमोर उभे राहिले. बारा वर्षांत पहिल्यांदाच कुणी जावयाचं चित्र निवडायला घरी येत होतं, आणि चित्रावर हे एवढाले गोळे!

सासरे जन्मभर लोकांची घरं रंगवत आलेले. भिंतीवर तळहात फिरवावा आणि तो कुठे अडला नाही, तरच जेवायला बसावं, असा त्यांचा नेम. लेकही चित्रं काढी, पण बापाच्या वळणाची. तिचा रंग साडीच्या पदरासारखा झिरझिरीत, थरावर थर. जावई मात्र नळीतला रंग सुरीने थापायचा. घाईत राहून गेलं असेल बिचाऱ्याचं, असं म्हणून सासऱ्यांनी पिशवीतून भिंत घासायचा पत्रा काढला. रंग आतून ओलाच होता. पाच मिनिटांत समुद्राची फरशी झाली.

लेक आतून आली. "बाबा, त्या लाटा होत्या."

"असं होय. मला वाटलं, काम अर्धवट राहिलंय."

नळ्या संपलेल्या. मग सासऱ्यांच्या पिशवीतून भिंतीच्या भेगा बुजवायची लांबी निघाली, तिच्यात उरलासुरला निळा कालवला. लेकीने लावलेली लाट ओघळून खाली आली. बापाने झकास लाट उभी केली, पण हात सवयीने लगेच तिच्यावरून फिरला. दुसरीही तशीच निजली.

"हात मागे घ्या ना, बाबा."

"मी घेतोय गं. तोच ऐकत नाही."

शेवटी लेकीने त्यांचा उजवा हात ओढणीने खुर्चीला बांधला. डाव्या हाताने सासऱ्यांनी आयुष्यात पहिल्यांदा काम बिघडवलं, आणि मग थांबेचनात.

बाई आल्या, चष्मा वर करून बराच वेळ बघत राहिल्या. या लाटांना राग आलाय, आधीच्या चित्रांत तो नव्हता, म्हणाल्या. चित्र पसंत करून आणखी तीन समुद्र सांगून गेल्या. जावई चित्राच्या अगदी जवळ गेला. स्वतःच्या लाटा त्याला ओळखता येत होत्या, आणि या त्याच्या नव्हत्या.

दार लागताच लेकीने सगळं सांगून टाकलं. सासरे मान खाली घालून पिशवी भरू लागले. जावयाने पिशवी काढून घेतली, कोरा कॅनव्हास मांडला, खुर्ची ओढून बसला आणि आपला उजवा हात पुढे केला.

"बाबा, गाठ जरा घट्ट मारा."