पिल्लांच्या खोक्याला झाकण

खोक्याला झाकण लावावं, एवढंच मी ठरवलं होतं. त्यात चूक काय होती, ते मला अजून कोणी नीट सांगितलेलं नाही.

कडाक्याची थंडी होती. अंडी उबवून झाल्यावर आमची कोंबडी बोक्याने नेली आणि पिल्लं पोरकी झाली. बायकोने ती मोठ्या खोक्यात ठेवली, आत वरून बल्ब सोडला आणि तेव्हापासून घराबाहेर पाऊल टाकलं नाही. (मी तापाने फणफणलो होतो, तेव्हा ती भिशीला जाऊन आली होती. असो.) पण त्या दिवशी तिची बहीण जिन्यावरून पडली. जावंच लागलं.

"बल्ब चालू ठेवा. बाकी काही म्हणजे काही करू नका," ती म्हणाली.

"ऊब कशी धरायची ते तू मला शिकवणार?"

मी गिरणीत बॉयलरवर जन्म काढला. शाळा फारशी झाली नाही, पण वाफेची माझ्यापुढे कधी मिजास चालली नाही.

"म्हणूनच सांगतेय. एक जरी दगावलं ना, तर मी बहिणीकडेच राहीन."

ती गेली. मी खोकं पाहिलं. वरून सताड उघडं! सगळी ऊब छताला. हे बॉयलरवाल्याला बघवत नाही. मी वायरीपुरती खाच पाडून फळीचं झाकण बसवलं, कडेने चिकटपट्टी मारली, खिडक्या लावल्या, दाराला आतून कडी घातली आणि खाली गोणपाट कोंबलं. मग चहा घेतला. काम असं असावं.

थोड्या वेळाने चिवचिव थांबली. मी एका कोपऱ्यातली पट्टी सोडवून आत डोकावलो. पिल्लं चोची उघडून धापा टाकत होती. पंख पसरलेले. मला वाटलं, गारठा भिनला. झाकण पुन्हा दाबलं आणि बल्बची वायर सोडून तो आणखी खाली घेतला. परत डोकावलो, तर एक पिल्लू आडवं पडलेलं.

आता मात्र गुरांच्या डॉक्टरांच्या कंपाउंडरला फोन लावला.

"काका, पिल्लं बल्बपाशी गोळा होतात की लांब पळतात?"

"लांब पळतात."

"मग गरम होतंय त्यांना!"

"माझा बॉयलर गरम होतंय म्हणून कधी पळाला नाही."

"काका, आधी झाकण काढा!"

झाकण निघेना. (माझं काम कच्चं नसतं.) जोर लावला तेव्हा ते एकदम सुटलं, बल्बवर आदळलं आणि बल्ब फुटला. काचा वेचल्या. वारा हवा म्हणून खिडकी उघडली, तर बोचरा वारा थेट खोक्यात. आडवं पडलेलं पिल्लू उठलं, पण आता सगळी कुडकुडत एकमेकांवर चढायला लागली. खालची चिरडणार हे दिसत होतं. घरात दुसरा बल्ब नाही, सगळ्या ट्यूबलाइट. मी खिडकी लावली, पिल्लं उचलून कोटाच्या आत घातली, बटणं लावली आणि खुर्चीत ताठ बसून राहिलो. श्वाससुद्धा बेताने.

तेवढ्यात दार वाजलं.

"अहो, कडी काढा!"

"थांब जरा," मी हळूच म्हणालो. मोठा आवाज काढला की छातीवर पळापळ व्हायची.

"आवाज असा का येतोय तुमचा?"

"मला हलता येत नाही."

बाहेर पिशवी पडल्याचा आवाज. मग एकच आरडाओरडा. "सुतारभाऊजी, धावा हो! यांना अटॅक आला!"

"अटॅक नाही!"

"मग काय झालंय?"

शेजारच्या सुतारासमोर बल्बचं सांगण्यापेक्षा अटॅक बरा.

"वहिनी, बाजूला व्हा. दार तोडतो," सुतार म्हणाला.

"दाराला हात लावशील तर याद राख!" मी ओरडलो.

उठलो. एक हात कोटाखाली धरून इंचाइंचाने सरकलो. एक काखेत घुसलं. कडी काढली.

बायकोने माझं तोंड पाहिलं, मग कोट. बटणं काढली आणि एकेक पिल्लू पदरात घेतलं. सगळी हलत होती.

"धाकटं कुठाय?"

मी काखेत पाहिलं, मग अस्तरात चाचपलं. धाकटं बाहीत सापडलं. मान लुळी, डोळे मिटलेले. तिने ते ओंजळीत धरलं आणि त्याच्यावर हळूहळू फुंकत राहिली. सुतार पटाशी हातात धरून नुसता उभा. माझ्या मनात तिच्या बहिणीचं घर आलं. तिथे माझ्यासाठी कोणी खुर्चीसुद्धा पुढे करत नाही.

मग धाकट्याने एक डोळा उघडला, ओंजळीत घाण केली आणि ओरडलं. बायको रडली. मी खिडकीकडे पाहिलं. खिडकी पाहायला लागतेच कधीतरी.

सुताराने घरचा बल्ब आणून लावला. पण पिल्लं काही केल्या स्वस्थ बसेनात. शेवटी बायकोने माझा कोट काढून खोक्यात पसरला. सगळी आत शिरली आणि गप्प झाली.

"बघ," मी म्हणालो, "माझी सवय लागली त्यांना."

"कोटाची लागली. आत माणूस नसला तरी चालतंय."

थंडी अजून तशीच आहे. मी बायकोचा फुलाफुलांचा स्वेटर घालून बसतो आणि कोणी आलं की उठून आतल्या खोलीत जातो. काल शेवटी कोट परत मागितला.

"हळू बोला, झोपलीत," ती म्हणाली. "उन्हाळ्यात घ्या."