इसाराची व्हॅन

गावंडेकाका कुठलीही वस्तू सरळ विकत घेत नाहीत. आधी इसार देतात, भाव बांधून घेतात आणि मुदत संपेपर्यंत समोरच्याचा जीव खातात. दसऱ्याच्या झेंडूलासुद्धा त्यांनी इसार दिला होता! ऐन सणाला बाजार पडला, तेव्हा इसार सोडून शेजारच्या पाटीवरून स्वस्त फुलं घेतली. वर पहिल्या फुलवालीला सांगितलं, "माया हक्क शून्य झाला, बाई. इसार तुया."

अकोल्यात आमची घरं भिंतीला भिंत लागून. कापसाच्या जिनिंग मिलमधून निवृत्त झाल्यावर काकांना शेअर बाजारातलं वॉरंट सापडलं. काकू पक्षाघातानं अंथरुणावर, त्यामुळे ऐकायला मीच.

"हे पाय बाप्पा, वॉरंट म्हंजे इसारच. शंभराचा शेअर ऐंशीत घ्याचा हक्क तुयाजवळ हाये. त्या हक्काची किंमत किती?"

"वीस."

"अन् मुदत काय फुकट हाये? उद्या शेअर आनखी चढला तं? म्हून पंचवीस. शेअर ऐंशीच्या खाली गेला तरी हक्काले काईतरी भाव राह्यतेच. मुदत हाये तोवर भाव हाये!"

हे शेवटचं वाक्य मी दाढी करतानासुद्धा खिडकीतून ऐकलेलं आहे.

मग माझी बुद्धी फिरली आणि मी जुनी, सरकत्या दाराची व्हॅन विकायला काढली. काकांनी त्याच दिवशी इसार आणला. ठरल्या भावानं महिनाभरात गाडी घेईन, नाही घेतली तर इसार तुझा. महिना संपला की नवा इसार. अकोटचा एक माणूस जास्त पैसे द्यायला तयार होता, पण माझे हात बांधलेले. काका मात्र खुशीत! "गाडीचा भाव जरासाच चढला, पन माया हक्काचा भाव दुप्पट झाला पाय!" त्यांना त्या व्हॅनमध्येच कोंडून ठेवावं असं मला वाटायचं.

दिवाळीच्या तोंडावर व्हॅनचं इंजिन बसलं. भंगारवाला निम्मेही पैसे देईना. म्हटलं, निदान काकांच्या तावडीतून तरी सुटलो. तर एक तारखेला काका इसार घेऊन दारात!

"अहो काका, बांधल्या भावाच्या निम्म्यात गाडी मिळतेय! कशाला हवा तुम्हाला हक्क? घ्यायची तर आज घेऊन टाका."

काका पहिल्यांदाच हळू आवाजात बोलले.

"तुया काकूले चिखलदऱ्याले जायाचं हाये. या गाडीचं दार सरकते, खुर्चीसकट आत घेता येते. डॉक्टर म्हनते, घंटाभर बसू लागली का न्या. पन आताच गाडी घेऊन दारात उभी केली, अन् ती बसलीच नाई तं? रोज पलंगावरून गाडीकडं पाह्यन ती."

"सध्या किती वेळ बसतात?"

"काल भाकर खाऊन होईस्तोवर बसली." त्यांनी नोटा पुढे केल्या. "शून्य नोको म्हनू बाप्पा. मुदत हाये अजून."

मी इसार घेतला. नाही म्हटलं असतं, तर ती मुदत मीच संपवली असती.

दुपारी मेकॅनिकला बोलावून इंजिन खोलायला लावलं.